सत्तर टनांचा माल जोडण्याआधी

‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ खेळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी अवजड मालाचे वेध लागतात. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरने २०१२ साली आणलेल्या या गेममध्ये २०१७ साली ‘हेवी कार्गो’ आणि ‘स्पेशल ट्रान्सपोर्ट’ हे दोन विस्तार आले, आणि सत्तर टनांपर्यंतचा माल ओढायची सोय झाली. युरोपात साध्या ट्रक-ट्रेलरला साधारण चाळीस टन वजन, २.५५ मीटर रुंदी आणि चार मीटर उंचीची मर्यादा असते. त्यापलीकडच्या मालाला ट्रकही वेगळाच लागतो. ही कामं मी मनापासून करत आलो आहे, आणि अनुभवाने एक क्रम पक्का झाला आहे: आधी थांबण्याची सोय, मग पकड, मग गिअर. इंजिन त्यानंतर.

नवखे खेळाडू नेमकं उलटं करतात. शोरूममध्ये गेले की ७५० हॉर्सपॉवरचं इंजिन आधी निवडतात आणि उरलेल्या पैशात हॉर्न, बंपर, रंग. चढावर ते कसंबसं निभावतंही. खरी परीक्षा उतारावर होते.

आल्प्समधल्या एका लांब उतारावर माझ्यासमोर काय घडलं ते सांगतो. ट्रकला रिटार्डर, म्हणजे पायाच्या ब्रेकशिवाय वेग आवरणारी यंत्रणा, नव्हती आणि सेटिंगमध्ये हवेच्या ब्रेकचं खरंखुरं गणित चालू होतं. वेग आवरायला पुन्हा पुन्हा ब्रेक दाबावा लागत होता आणि प्रत्येक दाबासरशी हवेच्या दाबाचा काटा थोडा थोडा खाली येत होता. इशाऱ्याचा आवाज सुरू झाला आणि काही क्षणांत ब्रेक आपोआप जाम झाले. मागचं वजन थांबायला तयार नव्हतं. ट्रेलरने ट्रॅक्टरला ढकलून आडवं केलं. मालाचं नुकसान, पैशांची कपात, गाडीची दुरुस्ती, सगळं एकदम आलं. म्हणून गिअरबॉक्स घेताना रिटार्डर असलेलाच घ्या. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली आणा, रिटार्डर टप्प्याटप्प्याने वाढवा आणि पायाचा ब्रेक अडचणीसाठी राखून ठेवा.

दुसरी गोष्ट चेसिसची. ४ बाय २ म्हणजे चार चाकांपैकी दोनच ओढणारी. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर शेतातून डांबरी रस्त्यावर चढताना बघा: इंजिन गर्जतं, पण चाक जागच्या जागी फिरतं. अवजड ट्रेलर घेऊन ४ बाय २ चढावर थांबला की हेच होतं. निदान ६ बाय ४ हवा, ८ बाय ४ मिळाला तर उत्तम. ओढणारी चाकं एकाच वेगाने फिरवणाऱ्या डिफरन्शियल लॉकचं बटण कुठे आहे तेही आधीच बघून ठेवा. उचलता येणारा अ‍ॅक्सल असेल, तर अडकलेल्या वेळी तो वर घेतला की वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं.

तिसरी गोष्ट गिअरची. डिफरन्शियल रेशोचा आकडा जितका मोठा, तितकी ओढ जास्त आणि कमाल वेग कमी. या कामात वेगाने जायचंच नसतं, त्यामुळे मोठा आकडा निवडायला कचरू नका. क्रॉलर, म्हणजे अगदी संथ चालीचे, गिअर असलेला गिअरबॉक्स मिळाला तर चढावरही गाडी झटका न देता उचलते.

चेसिस बदलली की डिझेलच्या टाकीची क्षमताही बदलते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘स्पेशल ट्रान्सपोर्ट’मध्ये मार्ग ठरलेला असतो आणि तो सोडला की काम हातचं जातं. तेव्हा टाकी भरूनच निघा, गाडीची दुरुस्तीही आधीच उरका.

आता दिवे. टपावर बीकन बसवा आणि ते चालू ठेवून चालवा. ‘स्पेशल ट्रान्सपोर्ट’च्या कामात पुढेमागे पायलट गाड्या असतात, चौकात वाहतूक अडवलेली असते. पुढच्या गाडीच्या सूचना पाळा, तिच्या अगदी मागे चिकटू नका. वळणावर आरसे उघडे ठेवा आणि ट्रेलरचं मागचं टोक कुठून जातंय ते बघत राहा. रुंद माल खांबाला लागतो तो बहुधा पुढून नाही, मागून. अरुंद ठिकाणी खिडकीतून वाकून बघण्याचा कॅमेरा वापरायला संकोच करू नका.

शेवटी एक विनंती. नवा ट्रक थेट सर्वांत जड कामाला जुंपू नका. त्याच ट्रकला आधी तीस-चाळीस टनांचा माल जोडा आणि डोंगराळ रस्त्यावर एक फेरी मारा. उतारावर पायाचा ब्रेक फारसा न वापरता गाडी ताब्यात राहिली, तरच सत्तर टनांचं काम घ्या. नाही राहिली, तर गॅरेजमध्ये परत जा आणि पैसे रंगावर न घालता रिटार्डर आणि अ‍ॅक्सलवर घाला.