काळ्या मातीवरचं खेळायचं रान

पांढरकवड्याच्या आसपास नवा ले-आउट पडतो, तेव्हा नियमाप्रमाणे 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते (ले-आउट 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठा असला तर). त्या ओपन स्पेसवर पुढे काय होणार, हेही जवळपास ठरलेलं असतं : तारेचं कुंपण, गट्टू, लोखंडी घसरगुंडी, दोन झोके आणि सिमेंटचं हरीण. तिपेश्वरचं अभयारण्य ज्या गावापासून इतकं जवळ आहे, तिथल्या मुलांना बागेत सिमेंटचं हरीण मिळावं, हे मला मनापासून टोचतं. अशा जागांवर निसर्गाला धरून खेळायची ठिकाणं आखायचं काम मी करते. त्या कामात जे पटत गेलं, ते इथे लिहिते.

1. आधी सावली, मग खेळणी.

घसरगुंडीचं तोंड उत्तरेला ठेवा, म्हणजे पत्रा तापत नाही, असा सल्ला बाहेरच्या पुस्तकांत हमखास असतो. आपलं गाव 20 अंश अक्षांशावर आहे. 20 मेच्या सुमारास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, उभ्या खांबाचीही सावली पडत नाही. तिथे उत्तर-दक्षिण करून काय उपयोग? शाळेला सुट्टी असते त्याच महिन्यात बाग ओस पडते. उपाय एकच, झाड. आणि तेही मे महिन्यात पानावर असणारं. साग आपला खरा, पण पावसाळा तोंडावर आल्याशिवाय त्याला पान नाही. गुलमोहर देखणा, पण त्याच्या फांद्या वाऱ्यात मोडतात. मी करंज आणि कडुनिंब लावते. दोघांनाही ऐन उन्हाळ्याआधी नवी पालवी येते. जागा मोठी असली तर वड, उंबर. जागेवर आधीच एखादं जुनं झाड असेल तर अख्खा नकाशा त्याच्याभोवती फिरवायचा, झाड नकाशासाठी पाडायचं नाही.

2. काळ्या मातीशी भांडू नये.

ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात उथळ पाया घालून रोवलेले झोक्याचे खांब दोन-तीन पावसाळ्यांत कलायला लागतात. म्हणून खांब कमी आणि टेकडी जास्त, असं माझं धोरण. काळी माती खोदून काढायची, मुरूम थराथराने कुटून पुरुषभर उंचीची टेकडी करायची, वर वीतभर माती आणि हराळी. घसरगुंडी टेकडीच्या उतारावरच टेकवायची. शिडी लागत नाही, उंचावरून खाली पडायची भीती राहत नाही. चढायला मुलं स्वतःच वाटा पाडतात; दोन वर्षांचं पोर रांगत चढतं, दहा वर्षांचा पळत.

खोदलेली काळी माती फेकून देऊ नका. एका कोपऱ्यात ढीग करून ठेवायची, शेजारी हापशीचं वाहून जाणारं पाणी वळवायचं. पोळ्याच्या आधी त्या कोपऱ्यात जी गर्दी होते ती बघण्यासारखी असते. मुलं बैल करतात. शिंगं मोडतात म्हणून आत तुराटीची काडी घालायची युक्ती मोठी पोरं लहानांना शिकवतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढायला सपाट वाट लागते, ती टेकडीच्या पायथ्याशी गोल फिरवली की झालं.

"कपडे खराब होतात" ही तक्रार प्रत्येक ठिकाणी येते. अशा आईबाबांना मी फिनलंडचा 2020 सालचा अभ्यास सांगते. तिथे काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली. 28 दिवसांत त्या मुलांच्या त्वचेवरचे आणि आतड्यांतले सूक्ष्मजीव बदलले आणि प्रतिकारशक्तीच्या तपासणीत चांगली चिन्हं दिसली.

3. सुटं सामान हवंच.

डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सोरेन्सन यांनी पाहिलं, की मुलं आखीव बागेपेक्षा भंगारात जास्त रमतात. 1943 साली कोपनहेगनजवळ एम्ड्रुपला तसं मैदान सुरू झालं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शिंपले, बिया, पानं, खडे यांवर बालशिक्षण उभं केलं. ताराबाईंचा संसार काही काळ अमरावतीत झाला, म्हणजे त्या आपल्या वऱ्हाडाला परक्या नाहीत. माझ्या बागेत करंजाच्या शेंगा, गुळगुळीत गोटे, टोकं घासलेले बांबूचे तुकडे आणि तुराट्या असतात. तुराट्यांच्या झोपड्या रोज उठतात, रोज मोडतात. पऱ्हाटी मात्र नको. ती साठवली की गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते आणि शेजारच्या शेतकऱ्याचं नुकसान होतं.

4. कुंपणाला मोगली एरंड लावू नका. बी चवीला बरी लागते, मुलं मूठभर खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखाना गाठावा लागतो. दोन्ही कण्हेरी, गुंज, धोत्रा, घाणेरी हेही बाहेर.

5. "ताई, साप निघाला तं?"

हा प्रश्न रास्त आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. दगडांचे आणि लाकडांचे ढीग रचायचे नाहीत. ओंडके सुटे, मुरमावर, खालून मोकळे. त्याने उधईही कमी लागते. गवत आखूड, झुडपांच्या खालच्या फांद्या गुडघ्यापर्यंत छाटलेल्या. उंदीर कमी झाले की सापाचं येणंही कमी होतं, म्हणून खाऊचा कचरा रोज उचलायचा. आणि अंधार पडल्यावर बाग बंद.

6. मुलींसाठी वेगळा विचार करावाच लागतो.

एक मोठं सपाट मैदान ठेवलं की क्रिकेट सगळं व्यापतं आणि दहा-अकरा वर्षांच्या मुली यायच्या थांबतात. व्हिएन्नात 1990च्या दशकात हेच आढळलं आणि तिथल्या काही बागा नव्याने आखल्या गेल्या. टेकडी, झाडं, बांबूचा आडोसा यांनी जागा तुकड्यांत वाटली की मुली टिकतात. समोरासमोर बसता येईल असा गोल ओटा, आणि चार जणी एकदम बसतील असा रुंद झोका एवढं तरी द्यावं. क्रिकेटला दुसरी जागा मागा, ती मुलांची गरजही खरी आहे.

7. दरवर्षीचा खर्च इस्टिमेटमध्ये लिहून घ्या.

लोखंडी खेळणं बसवलं की फोटो निघतो आणि काम संपतं. माती, रेती, तुराट्या दरवर्षी भराव्या लागतात. झोक्याखाली रेतीचा थर 30 सेंटीमीटर तरी हवा, आणि खेळून ती बाजूला सरकते, म्हणून आठवड्याला ओढून सारखी करायची, मृगाच्या आधी नवी भरायची. पाणी साचून राहिलं तर डास होतात, तेव्हा हापशीची नाली दर पंधरा दिवसांनी मोकळी करायची. ही कामं माळ्याच्या करारात एकेक करून लिहा, त्याची मजुरी त्याप्रमाणे ठरवा, आणि मुलांना मातीतून हुसकणं हे त्याचं काम नाही, हेही त्याच कागदावर लिहा.