रंग गेला, म्हणजे पाणी शुद्ध झाले?

प्रश्न : मी डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत आहे. फेरस सल्फेट व हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यावर बीकरमधला काळा स्पेंटवॉश (मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी) फिका झाला. आता तो भीमेत सोडता येईल का?
– एक वाचक, अफजलपूर

उत्तर : नाही. या फेंटन प्रक्रियेत लोह उत्प्रेरकाचे काम करते. रंगद्रव्ये तुटली तरी त्यांचे बिनरंगी सेंद्रिय तुकडे पाण्यात उरतात. कच्च्या स्पेंटवॉशचा सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) लिटरला लाखभर मिलिग्रॅम. तिथे पेरॉक्साइड परवडणार नाही. आधी बायोगॅस काढा, मग बाष्पीभवन करून घट्ट भाग प्रेसमडमध्ये (साखर कारखान्यातील रस गाळून उरलेल्या गाळात) मिसळून खतासाठी वापरा. फेंटन शेवटच्या पातळ पाण्याला, सामू ३च्या आसपास ठेवून. नंतर चुन्याने लोहाचा गाळ काढा. शिल्लक पेरॉक्साइड सीओडी फुगवून दाखवते, हेही ध्यानात ठेवा. डिस्टिलरीला शून्य विसर्गाचे बंधन आहे. पाणी कारखान्यातच फिरवा. प्रयोग मात्र योग्य दिशेचा आहे.