रिबिनीचा दागिना शिवावा, चिकटवू नये

लग्नसराई उलटली की माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दागिन्यांत काळ्या मखमली रिबिनीचे चोकर हमखास असतात. जुन्या युरोपीय चित्रांत पाहून घरी हौसेने केलेले. कुणाचं पदक गळून पडलेलं, कुणाची मागची कडी निसटलेली. एका मुलीच्या चोकरचा रंग तर हळदीच्या दिवशी घामाबरोबर उतरला आणि फिकट पिवळ्या ब्लाउजचा गळा काळा झाला. वर मानेवर कडीच्या जागी पुरळ उठलं ते वेगळंच.

असा चोकर उलटा करून पाहिला की बहुतेक वेळा आत गोंदच गोंद दिसतो. सुईचा टाका औषधालाही नसतो.

मूळचा दागिना असा नव्हता. एदुआर माने यांच्या 1863 सालच्या ‘ऑलिंपिया’ या चित्रातल्या स्त्रीच्या गळ्यात नुसती बांधलेली काळी फीत आहे. पुढे इंग्लंडची राणी झालेल्या अलेक्झांड्राने युवराज्ञी असताना मोत्यांच्या आणि मखमलीच्या उंच गळपट्ट्यांची फॅशन रुजवली. त्या काळात फितीवर लॉकेट ओवत किंवा ब्रोच टाचत. फीत विरली तर बदलता येई, पदक तेच राही. आपल्या ठुशीचंही तेच आहे. मागचा रेशमी दोरा झिजला की पटवेकऱ्याकडून नवा गाठवून घ्यायचा. गोंद लावला की ही सोयच संपते.

म्हणून आधी रिबीन पारखा, मणी-मोती नंतर. भुलेश्वरला किंवा बोहरी आळीत गेलात तर पूर्ण गुंडाळी घेण्याआधी वीतभर तुकडा आणा. मिठाच्या पाण्यात भिजवलेलं पांढरं फडकं त्यावर दाबून चोळा. फडक्याला रंग लागला तर ती रिबीन गळ्यासाठी नाही. मग एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. जळक्या केसांचा वास आला तर रेशीम, जळक्या कागदाचा आला तर सुती किंवा रेयॉन. वितळणाऱ्या रिबिनीची कड ज्योतीच्या कडेला क्षणभर धरली की धागे सुटत नाहीत. बाकीच्यांची कड दोनदा दुमडून शिवावीच लागते.

झटपट चिकटणाऱ्या गोंदापासून तर लांबच राहा. त्याने रिबीन पुठ्ठ्यासारखी ताठ होते आणि भोवती पांढुरकी झाक येते. सुती कापडात मुरला तर तो इतका तापतो की बोट भाजू शकतं. चिकटलेला गोंद नेलपॉलिश रिमूव्हरने काढायला गेलात तर नकली मोत्याचा मुलामाही जातो.

पदकाला मागे कडी किंवा भोकं असतील असंच निवडा आणि रिबिनीच्याच रंगाच्या दुहेरी दोऱ्याने शिवा. आतून मऊ सुती पट्टी लावा, म्हणजे टाके टोचत नाहीत आणि घामही तीच शोषते. टोकांना चाप लावायचा असेल तर तो रिबिनीच्याच रुंदीचा हवा. रिबीन दुमडून, दोन टाके घालून मगच चाप पक्कडीने दाबा.

पुरळाचं कारण बहुधा स्वस्त कडीतलं निकेल असतं. चांदीची किंवा स्टेनलेस स्टीलची कडी वापरा. नाहीतर धातू टाळून मागे ठुशीसारखा सरकत्या गाठीचा दोरा आणि गोंडा लावा. माप लहानमोठं करायची सोयही त्यात आपोआप होते. गळ्याचं माप घेताना फितीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. लहान मुलींना मात्र गळ्यात घट्ट बसणारं काहीच करून देऊ नका.

मखमलीवर सुलट बाजूने इस्त्री फिरवू नका, लव कायमची बसते. टॉवेलवर पालथी ठेवून वाफ द्या. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलेल्या रिबिनीला बुरशी धरते, तेव्हा ती मलमलीत सैल गुंडाळून ठेवा.

मैत्रिणींना द्यायचा किंवा विकायचा विचार असेल, तर पहिला नमुना स्वतः घालून ऐन उन्हाळ्यात दिवसभर स्वयंपाक करा, बाजारहाट करा. रंग, कडी आणि शिवण या तिन्ही परीक्षांत तो उतरेपर्यंत कुणाच्याही गळ्यात मारू नका.