बाळाचा आहार आणि भोवतालचे लोकमत

तान्ह्या बाळाला काय पाजावे व काय भरवावे, हा आपल्या समाजात केवळ आईचा प्रश्न कधीच नव्हता. बाळंतपणापासून उष्टावणापर्यंत घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया, सुईण व शेजारणी यांचा त्यात वाटा असे. त्यांचे सर्वच सल्ले शास्त्रशुद्ध होते, असे नव्हे. मात्र त्या पद्धतीत एक गोष्ट महत्त्वाची होती. सल्ला देणारी स्त्री त्या घरातील कामाचा भारही उचलत असे. ती बाळंतिणीला शेकत असे, रात्री बाळाला घेऊन बसत असे आणि चुलीपाशी उभी राहत असे.

आजचे चित्र निराळे आहे. एस. टी. स्थानकावर, आठवड्याच्या बाजारात, दवाखान्याच्या रांगेत किंवा लग्नाच्या मांडवात बाळाला घेऊन बसलेल्या आईला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. भार उचलणारे क्वचितच भेटतात. बाळाच्या तोंडी बाटली दिसली की "अंगावरचे का पाजत नाहीस?" असा प्रश्न येतो. तीच आई पदराआड बाळाला अंगावर घेऊन बसली, तर "चारचौघांत कशाला?" अशी नापसंतीची नजर तिच्याकडे वळते. दीड वर्षाचे मूल अंगावर पीत असेल तर "अजून सोडवले नाहीस?" असे विचारले जाते. कोणत्याही बाजूने दोष तिच्याच पदरी पडतो.

हा दोषारोप बहुधा बाळाच्या कळवळ्यातून येतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्याने बाळाचे हित साधते काय, हा प्रश्न अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी स्वतःला विचारणे अगत्याचे आहे. कारण गावात त्यांच्या शब्दाला वजन असते.

शास्त्र काय सांगते?

प्रथम शास्त्राची बाजू स्पष्ट असावी. जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत बाळाला स्तनपान सुरू करावे. पहिले पिवळसर, घट्ट दूध म्हणजे चीक. तो टाकून न देता बाळाला पाजावा. पहिले ६ महिने केवळ आईचे दूध द्यावे. उन्हाळ्यातही वेगळे पाणी देण्याची गरज नसते. गूळपाणी, मध किंवा घुटी देऊ नये. ६ महिने पूर्ण झाल्यावर मऊ व घट्टसर पूरक आहार सुरू करावा आणि त्याबरोबर २ वर्षे व त्यापुढेही स्तनपान चालू ठेवावे.

शास्त्राचा सल्लाही अनुभव व संशोधन यांबरोबर बदलत आला आहे, हे येथे लक्षात ठेवावे. केवळ स्तनपानाचा काळ पूर्वी ४ ते ६ महिने असा सांगितला जात असे. २००१ साली जागतिक आरोग्य परिषदेने तो ६ महिने असा निश्चित केला. म्हणजे त्यापूर्वी चौथ्या महिन्यात बाळाला वरणाचे पाणी देणारी आई निष्काळजी नव्हती. ती त्या काळच्या सल्ल्यानुसारच वागत होती. आज तीच स्त्री आजी झाली असून सुनेला तोच सल्ला देत असेल, तर तिला अडाणी ठरवून काही साधणार नाही. सल्ला का बदलला, हे तिला आदराने समजावून सांगितले पाहिजे.

दोष नेमका कोठे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील (२०१९-२१) आकडे या संदर्भात बोलके आहेत. देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात झाली. पण पहिल्या तासात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण अवघे ४१.८ टक्के होते. माता प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली असतानाही पहिला तास निघून जात असेल, तर केवळ तिच्या अज्ञानाकडे बोट दाखविता येत नाही. प्रसूतिकक्षातील पद्धती, कर्मचाऱ्यांची संख्या, शस्त्रक्रियेनंतर माता व बाळ यांना वेगळे ठेवण्याची सवय या गोष्टींचा विचार करावा लागतो.

त्याच सर्वेक्षणानुसार ६ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण ११.३ टक्के होते. एवढ्या मोठ्या संख्येने बालके अपुऱ्या आहारावर असतील, तर तो प्रश्न एखाद्या आईच्या हलगर्जीपणाचा राहत नाही. घरातील धान्य, डाळ, अंडी, भाजी यांची उपलब्धता, आईच्या हाताशी असलेला वेळ आणि तिला मिळालेली माहिती या साऱ्यांचा तो प्रश्न ठरतो.

मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांचे उदाहरण घ्यावे. पहाटे कोपीतून निघून फडावर जाणाऱ्या मातेला दिवसभर मोळ्या बांधाव्या व वाहाव्या लागतात. बाळ बांधावर, थोरल्या भावंडाच्या स्वाधीन असते. त्याच्या हाती बिस्किटाचा पुडा दिसतो तो आईला आहारशास्त्र ठाऊक नाही म्हणून नव्हे, तर त्या ठिकाणी दुसरे काही टिकत नाही व भरवायला कोणी नसते म्हणून. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने कामावर परतलेल्या मातेस मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दररोज स्तनपानासाठी दोन वेळा सुटी देऊ केली आणि २०१७ च्या दुरुस्तीने भरपगारी रजा २६ आठवड्यांपर्यंत वाढविली. कार्यालयात नोकरी करणाऱ्या स्त्रीला याचा आधार झाला. फडावरच्या स्त्रीपर्यंत असा आधार सहसा पोहोचला नाही. दोघींना एकाच मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही.

कायद्याचा रोख

बाळाच्या दुधाच्या भुकटीचा प्रश्न जगापुढे आला तो गेल्या शतकाच्या आठव्या दशकात. गरीब देशांत भुकटीची जाहिरात जोरात होत होती. शुद्ध पाणी व पुरेसे इंधन नसलेल्या घरांत ती भुकटी पातळ करून अस्वच्छ बाटलीतून दिली जाई आणि त्यातून हगवण व कुपोषण वाढे. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने मातेच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीविषयी आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली. ११८ राष्ट्रांनी बाजूने मत दिले. विरोधी मत एकट्या अमेरिकेचे होते. भारताने १९९२ साली यासंबंधी स्वतंत्र कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. त्यानुसार २ वर्षांखालील बालकांसाठीच्या अशा पदार्थांची व दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करणे, मातांना मोफत नमुने वा भेटी देणे, डब्यावर बाळाचे चित्र छापणे यांस मनाई आहे.

या कायद्याचा रोख ध्यानात घेण्याजोगा आहे. त्याने उत्पादक, विक्रेते व आरोग्यव्यवस्था यांना बांधून घेतले. भुकटी वापरणाऱ्या आईला मात्र कोणतीही शिक्षा ठेवली नाही. जो विवेक कायद्याने दाखविला, तो लोकमतानेही दाखवावयास हवा. दुकानातील किंवा दवाखान्यातील बेकायदा जाहिरातीकडे काणाडोळा करावयाचा आणि बाटली हाती असलेल्या आईला मात्र चारचौघांत बोल लावावयाचा, ही उलटी रीत झाली.

बाटलीमागची कारणे

शिवाय बाटली दिसते, पण तिच्यामागचे कारण दिसत नाही. बाळ दत्तक असेल, त्याची जन्मदाती आई दगावली असेल, आईला कर्करोगावरील औषधे चालू असतील किंवा बाळाला काही दुर्मीळ जन्मजात विकार असेल. अशा प्रसंगी वरचे दूध हाच उपाय असू शकतो. आईचे दूध न मिळणाऱ्या आजारी व अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची बाब होय. स्वतःचे दूध देऊ न शकणाऱ्या मातेस दोष न देता तिच्या बाळाची सोय करणे, हा या कार्याचा धडा आहे.

चारचौघांतील टीकेचा सर्वांत मोठा धोका असा की, ती बाटली बंद करीत नाही, लपविते. लाजलेली आई बाटली पिशवीत घालते आणि आशा कार्यकर्तीने विचारल्यावर "अंगावरचेच पाजते" असे सांगते. मग भुकटी व पाणी यांचे प्रमाण बरोबर आहे काय, पाणी उकळलेले आहे काय, बाटलीऐवजी स्वच्छ वाटी-चमचा वापरता येईल काय, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. दूध कमी पडते या केवळ समजुतीने बाटली सुरू झाली असेल, तर तो समज दूर करण्याची संधीही जाते. वास्तविक बाळ दिवस-रात्र मिळून सहा वेळा किंवा अधिक लघवी करीत असेल व त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरेसे आहे असे समजावे. बाळाला जितके वारंवार पाजावे, तितके दूध अधिक येते.

केव्हा व कसे बोलावे?

याचा अर्थ सदैव मौन पाळावे असा नाही. तान्ह्या बाळाला कोणी मध चाटवीत असेल, लहान मुलाच्या तोंडी अख्खे शेंगदाणे वा फुटाणे घालीत असेल, किंवा बाळ मलूल होऊन पिणे सोडीत असेल, तर तेथल्या तेथे सांगणे हे कर्तव्यच आहे. अन्य बाबतींत पुढील पथ्ये पाळावीत :

१. इतरांसमोर बोलू नये. गृहभेटीत किंवा अंगणवाडीत एकांतात विषय काढावा.

२. प्रथम विचारावे, मग सांगावे. "ताई, बाळाला पाजताना काही अडचण येते का?" या एका प्रश्नाने जे कळते, ते दहा उपदेशांनी कळत नाही.

३. एका वेळी एकच बदल सुचवावा व तो घरात असलेल्या वस्तूंतून जमणारा असावा. चहा-बिस्किटाऐवजी घरच्या वरणात कुस्करलेली भाकरी व वर चमचाभर तेल किंवा तूप, हा सल्ला कोणत्याही घरी पाळता येतो.

४. सासू, पती व आजी यांनाही बोलण्यात सामील करावे. बाळाचा आहार आई एकटी ठरवीत नाही.

५. आशा कार्यकर्तीने बाळाच्या ३, ६, ९, १२ व १५ व्या महिन्यांत करावयाच्या गृहभेटी वेळेवर होतात की नाही, याची विचारणा ग्रामपंचायतीने करावी.

रायगडाच्या पायथ्याची हिरकणी दूध विकण्यासाठी गडावर गेली असता दरवाजे बंद झाले आणि घरी राहिलेल्या तान्ह्या बाळासाठी ती अवघड कडा उतरून गेली, अशी कथा सांगितली जाते. तिच्या नावाने बुरूज ओळखला जातो आणि तिच्याच नावाने राज्यातील स्थानकांत व कार्यालयांत हिरकणी कक्ष उभे राहिले. त्या कथेतील मातेच्या धैर्याचे कौतुक सर्वांनीच केले. दरवाजा उघडा ठेवण्याचे काम मात्र प्रशासनाचे व समाजाचे आहे. आपल्या गावातील हिरकणी कक्षाला कुलूप आहे काय, त्यात बसावयास जागा व पाणी आहे काय, बाजाराच्या दिवशी मातांना निवांत कोपरा मिळतो काय, हे प्रत्येक पंचायत सदस्याने पाहावे. अंगणवाडीतील घरपोच आहार वेळेवर पोहोचतो काय, याची चौकशी करावी. शिक्षकांनी पालकसभेत हा विषय एखाद्या मातेचे उदाहरण न देता मांडावा.

बाळाच्या तोंडातील घास पाहून आईची परीक्षा घेणे सोपे आहे. तो घास तिला कोणत्या परिस्थितीत भरवावा लागला, हे जाणून ती परिस्थिती बदलण्यास हात लावणे कष्टाचे आहे. परंतु बालकांचे पोषण सुधारावयाचे असेल, तर ते कष्ट गावाने मिळून घेतले पाहिजेत.