फेडची कपात आणि डाऊन पेमेंटचे पैसे

१८ सप्टेंबर २०२४ ला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर एकदम अर्ध्या टक्क्याने खाली आणला. प्रस्तुत लेखक त्या वेळी टेक्सासमधल्या फ्रिस्को इथे ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवत होता. टेबलावरचे चौघेही पुण्या-मुंबईकडचे. बातमी फोनवर झळकली आणि चौघांचं एकमत झालं: आता गृहकर्ज स्वस्त होणार, घरं खपणार, बिल्डरांचे शेअर वर जाणार.

ऑक्टोबरच्या मध्यात लेखकाने ४० हजार डॉलर आयटीबी या घरबांधणी क्षेत्राच्या ईटीएफमध्ये टाकले. ते पैसे त्याच्या स्वतःच्या घराच्या डाऊन पेमेंटसाठी साठवलेले होते. एप्रिल २०२५ मध्ये त्याने फंड विकला तेव्हा हातात सुमारे २७ हजार आले. घरखरेदी लांबली, आणि बायकोला हे सांगायला त्याला तीन दिवस लागले.

चूक कुठे झाली हे त्याला पुढे समजलं, आणि ती त्याच्या एकट्याची नव्हती. भारतात १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जं बाह्य मानदंडाला, म्हणजे बहुतेक ठिकाणी रेपो दराला, जोडलेली आहेत. रिझर्व्ह बँकेने रेपो उतरवला की काही महिन्यांत हप्ता किंवा हप्त्यांची संख्या कमी होते. पुण्यात पहिला फ्लॅट घेतलेल्या माणसाच्या अंगात हे गणित मुरलेलं असतं. अमेरिकेत मात्र बहुतेक गृहकर्जं ३० वर्षांची, स्थिर दराची असतात. त्यांचा दर फेडच्या एका रात्रीपुरत्या दरामागून जात नाही. तो १० वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या परताव्यामागून जातो. हा परतावा महागाई आणि सरकारी कर्जाच्या अंदाजावर हलतो, आणि कपातीची अपेक्षा असेल तर ती त्यात आधीच जिरलेली असते.

आकडे बघा. फ्रेडी मॅक ही संस्था दर गुरुवारी ३० वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर जाहीर करते. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस तो ६.०८ टक्के होता. त्यानंतर फेडने नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये पाव-पाव टक्का आणखी कापला, तीन बैठकांत मिळून पूर्ण १ टक्का. जानेवारीच्या मध्यात गृहकर्जाचा दर होता ७.०४ टक्के. लेखकाने खरेदी केली ती नेमकी या चढाच्या पायथ्याशी, फंड उच्चांकाजवळ असताना.

रोज ऑफिसला जाता-येता तो नव्या वसाहतींच्या कडेचे फलक बघत असे: पहिली काही वर्षं कमी व्याज, फर्निचर मोफत, कागदपत्रांचा खर्च आमच्याकडे. मागणी जोरात आहे, असा अर्थ त्याने लावला. खरा अर्थ उलट होता. घर विकण्यासाठी बिल्डर ग्राहकाच्या व्याजाचा भार स्वतःच्या नफ्यातून उचलत होता. लेनार या बड्या कंपनीचं घरविक्रीवरचं एकूण मार्जिन २०२४ च्या पहिल्या तिमाहीत २१.८ टक्के होतं, वर्षभराने ते १८.७ वर आलं. शेअर बाजार हे वाचत होता. लेखक फक्त फलक वाचत होता.

क्षेत्राबद्दलच्या वाईट मूडवरून बांधलेला शेअरच्या दिशेचा अंदाजही चुकू शकतो, हे २०२२-२३ ने दाखवलं. अमेरिकी बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेचा मासिक विश्वास-निर्देशांक असतो. ५० च्या वर म्हणजे बहुसंख्य आशावादी. नोव्हेंबर २०२० मध्ये तो ९० या विक्रमी आकड्यावर होता, डिसेंबर २०२२ मध्ये ३१ वर कोसळला. बिल्डरांचे शेअर मात्र तोवर तळ सोडून वर निघाले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गृहकर्ज ७.७९ टक्क्यांवर गेलं, तरी आयटीबीने ते वर्ष घसघशीत वाढीने संपवलं. कारण तीन टक्क्यांच्या कर्जात बसलेले जुने घरमालक घर विकायलाच तयार नव्हते. गरजवंताला नव्या घराशिवाय पर्याय उरला नव्हता. विश्वास-निर्देशांक हा बिल्डर आज काय अनुभवतोय याची नोंद आहे. त्यावरून उद्याचा शेअर ठरवू नये.

सर्वांत कडू उदाहरण मात्र या फंडांच्या जन्माचंच. याच क्षेत्राचा दुसरा ईटीएफ, एक्सएचबी, जानेवारी २००६ अखेर बाजारात आला, आयटीबी त्याच वर्षी मे महिन्यात. बिल्डरांच्या शेअरांनी २००५ च्या उन्हाळ्यातच शिखर गाठलेलं होतं. मार्च २००९ पर्यंत दोन्ही फंडांच्या मूल्याचे पाचातले चार भाग गेले होते. एखाद्या क्षेत्राचा फंड काढण्याइतकं लोकांचं प्रेम त्यावर जडलं असेल, तर त्या प्रेमाची किंमत शेअरच्या भावात आधीच चढलेली असण्याची दाट शक्यता असते.

फंड घ्यायचाच असेल तर त्याच्या पोटात काय आहे ते बघावं. आयटीबीत मोठ्या कंपन्यांना मोठा वाटा आहे, डी.आर. हॉर्टन, लेनार, एनव्हीआर, पुल्टेग्रुप एवढ्यांनीच त्याची दिशा बरीचशी ठरते. एक्सएचबीत वाटे जवळपास समान, आणि होम डेपो, विल्यम्स-सोनोमासारखी दुकानंही आहेत. 'एनएआयएल' नावाचा तिसरा फंड बिल्डर-शेअरांच्या निर्देशांकाच्या रोजच्या हालचालीच्या तिप्पट हलतो. निर्देशांक १०० वरून १० टक्के पडून ९० झाला आणि दुसऱ्या दिवशी १० टक्के चढला, तर ९९ होतो. तिप्पट फंड १०० चा ७० होतो आणि मग ९१. निर्देशांक एकने मागे, तुम्ही नऊने. हा फंड महिनोन् महिने धरून ठेवणं म्हणजे नुकसान पोसणं.

आणि लेखकाने सर्वांत आधी तपासायला हवी होती ती गोष्ट: घरासाठीचा पैसा घरांच्याच शेअरमध्ये का? त्याला घर घ्यायचं होतं वर्षभरात. बिल्डर-शेअर तेवढ्या काळात एक तृतीयांश पडू शकतात, मग काही महिन्यांत बरेच सावरूही शकतात. २०२५ च्या उन्हाळ्याअखेर आयटीबी खूप वर आला होता. पण ज्याला तारीख गाठायची आहे, त्याला थांबता येत नाही. तो तळाशी विकतो.

१७ सप्टेंबर २०२५ ला फेडने पुन्हा पाव टक्का कापला. त्याच रात्री पुण्याहून मामेभावाचा फोन आला. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली परदेशी गुंतवणुकीसाठी त्याने डॉलर काढायचं ठरवलं होतं.

"दादा, आता आयटीबी घेऊ ना?"

"पैसे कशाचे आहेत?"

"मुलीच्या कॉलेजचे. जूनमध्ये लागतील."

लेखकाने त्याला दोन गुरुवार थांबायला सांगितलं आणि फ्रेडी मॅकचा आकडा स्वतः बघायला लावलं. पहिल्या गुरुवारी तो ६.२६ होता, पुढच्या गुरुवारी ६.३०. त्या संध्याकाळी मामेभावाने बँकेत जूनपर्यंतची मुदत ठेव केली.