नामधातू आणि वर्गातील लाल शाई

इंग्रजीत नामालाच क्रियापद करण्याची रीत अनेक जाणत्यांना खटकत आली आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८९ मध्ये कोशकार नोआ वेब्स्टर यांस लिहिलेल्या पत्रात 'नोटिस', 'अ‍ॅडव्होकेट' व 'प्रोग्रेस' यांच्या अशा वापराबद्दल नापसंती दर्शविली होती. आज ती क्रियापदे कोणासही बोचत नाहीत.

मराठीत नाम असे उघडे राहत नाही; त्यास प्रत्यय लागतो. हात–हाताळणे, लाथ–लाथाडणे, डोके–डोकावणे, पाणी–पाणावणे. व्याकरणात यांस नामधातू म्हणतात. १९४८ पर्यंत उर्दू ही दप्तराची भाषा असलेल्या नांदेड-लातूर भागातील शिक्षकास परक्या नामांचे हे रूपांतर नवे नसावे. अरबीतून आलेल्या 'खर्च', 'बदल' यांपासून मराठीने खर्चणे, बदलणे ही क्रियापदे केलीच.

म्हणून एखाद्या मुलाने 'बाबा दार कुलूपतात' असे लिहिल्यास त्यावर नुसती लाल रेघ ओढू नये. मुलाने नियम बरोबर ओळखला आहे. रूढी मात्र 'कुलूप लावणे' अशी आहे. हे न सांगता रेघ ओढली, तर पुढे ते मूल पाठ केलेलीच वाक्ये लिहील. 'गूगलणे' या शब्दाचा न्याय निराळा. 'शोधणे' हाताशी असता त्याची गरज काय, हे वर्गात विचारावे. 'डोकावणे' यास तसा पर्याय सापडत नाही.

'डाग' या नामापासून डागणे व डागाळणे अशी दोन क्रियापदे होतात. त्यांतील अर्थभेद मुलांनाच सांगू द्यावा.