मुहूर्त नसलेल्या दिवसांचं स्वयंपाकघर

शंका : आम्ही तिघी जावा दिवाळीचा फराळ आणि वर्षभर थोडे मसाले-चटण्या करतो. घरची ओटी आता पुरत नाही. बाजारात गाळा पाहिला. भाडं महिना 7 हजार, अनामत 50 हजार. एवढं झेपत नाही. स्वस्तात जागा कशी मिळेल? (ब्राह्मणी, कळमेश्वर)

समाधान : ताई, गाळ्याचा नाद तूर्त सोडा. भाडं बारा महिने भरायचं आणि मोठं काम मात्र दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांचं, हा हिशेब कुठल्याच गावात जमत नाही. तुम्हाला बारमाही जागेची गरजच नाही. मोठी भट्टी, भरपूर पाणी आणि चांगली मोरी तेवढ्या दिवसांपुरती मिळाली तरी भागतं.

हे सगळं तयार असतं मंगल कार्यालयात. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. हॉल अधूनमधून बारसं-वाढदिवसाला जातो, स्वयंपाकघर बहुतेक दिवस बंद. दिवाळी नेमकी याच काळात येते. मालकाकडे श्रावणातच जा आणि दिवसावारी दर ठरवा. महिन्याचा आकडा तोंडातून काढू नका. गणपती-नवरात्रातल्या महाप्रसादाच्या तारखा आधीच विचारून घ्या, नाहीतर शेवेचा घाणा पडायचा त्याच दिवशी तिथे बुंदी पडायची. पापड-कुरडयांसाठी मात्र ही वाट चालत नाही. तो हंगाम ऐन लग्नसराईत. पण त्याला कार्यालयापेक्षा गच्ची आणि ऊन जास्त लागतं.

जागा पाहायला जाल ती एखादं कार्य उरकल्याच्या दुसऱ्या दिवशी. धुऊनपुसून ठेवलेलं स्वयंपाकघर सगळीकडे सारखंच दिसतं. मोरीची जाळी उचलून बघा. भट्टीच्या मागच्या भिंतीवर बोट फिरवा. चिकट काळा थर आला तर साफसफाईचा एक दिवस भाड्यात धरून घ्या. शेजारच्या खोलीत मांडवाचं कापड आणि गाद्या कोंबलेल्या असतील तर उंदीर असणारच. तिथे बेसनाचं पोतं रात्रभर ठेवू नका. कुलपाची एक कोठी मागून घ्या. कढया, झारे, सोऱ्या स्वतःच्याच न्या. कार्यालयाच्या कढईत काल काय तळलं हे गिऱ्हाइकाला सांगता यायला हवं, उपासाच्या चिवड्याला तर नक्कीच.

आता कागद. अन्न सुरक्षा कायदा 2006 चा, परवाना-नोंदणीचे नियम 2011 चे. नोंदणी जागेगणिक होते. घरच्या पत्त्यावरची नोंदणी कार्यालयातल्या तळणाला लागू होत नाही आणि मालकाच्या केटरिंगच्या कागदावरही तुमचा माल विकता येत नाही. 2011 च्या नियमांत नोंदणीची फी वर्षाला 100 रुपये ठेवली होती आणि वार्षिक उलाढालीची मर्यादा 12 लाख. अर्ज ऑनलाइन भरताना चालू आकडे तिथेच पाहून घ्या. मालकाचं संमतीपत्र जोडा. त्यासाठी तोंडी होकारावर विसंबू नका.

मसाल्यांसाठी वेगळी जागा कशाला? मिरची-हळद गिरणीवर कुटून आणा, निवडणं आणि भरणं घरी करा. काम असं तोडण्यात कमीपणा नाही. 1959 मध्ये गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे लिज्जत झालं. तिथे पीठ केंद्रात मळतात आणि लाट्या बायका घरी नेतात. एवढी मोठी संस्था झाली, तरी लाटण्यासाठी सगळ्यांना एका छताखाली आणलं नाही.

शंका : एमआयडीसीतला ओळखीचा एक कारखानदार शेडचा कोपरा निम्म्या भाड्यात देतो म्हणतो. घ्यावा का? (कळमेश्वर)

समाधान : आधी त्याला महामंडळाची परवानगी दाखवायला सांगा. भूखंड त्याला भाडेपट्ट्यानं मिळालेला असतो. पोटभाडेकरू ठेवायला पूर्वपरवानगी आणि शुल्क लागतं. कोपऱ्यापलीकडे रंग, रसायन किंवा लोखंडाचा कीस उडत असेल तर परवानगी असली तरी घेऊ नका.

बाहेर कुठेही जागा घेतली तरी करार नोंदवाच. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. टाळाटाळ करणाऱ्या मालकाला एवढं सांगितलं की तो सहसा सही करायला येतो.

शंका : मी घरूनच तिन्ही पाळ्यांच्या कामगारांना डबे देते. शेजारी म्हणतात, हे बेकायदेशीर आहे, बाहेर जागा घे. (कळमेश्वर)

समाधान : अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी असेल तर घरच्या स्वयंपाकघरातून डबे देण्यात बेकायदा काही नाही. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये उभी केली, त्या बायकाही आपापल्या खोलीतच रांधत होत्या.

चूक सिलिंडरात असू शकते. घरगुती 14.2 किलोचं सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. 19 किलोचं निळं घ्या. महाग पडतं, म्हणून डब्याचा दर ठरवताना तेच धरा. विजेचं म्हणाल तर महावितरणच्या दरपत्रकात घराच्या एका भागातल्या लहान धंद्याला, महिन्याला 300 आणि वर्षाला 3600 युनिटच्या आत, घरगुती दरच दिला गेला आहे. मोठा डीप फ्रीझर आणण्याआधी मागची बिलं काढून बसा. आणि पहाटेच्या पाळीच्या डब्यासाठी चार वाजता मिक्सर लावत असाल, तर शेजाऱ्यांची तक्रार कायद्याची नसून झोपेची आहे. वाटण रात्रीच करून ठेवा.

शंका : बागेतली बारकी संत्री व्यापारी उचलत नाही. रस-स्क्वॅशसाठी किचन भाड्यानं घेतोय. अनुदान मिळेल का? (मोहपा)

समाधान : प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत (2020) नागपूर जिल्ह्याचं उत्पादन म्हणून संत्रंच निवडलं आहे. वैयक्तिक उद्योगाला खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, तेही बँकेच्या कर्जाला जोडून. योजनेची मुदत 2025-26 पर्यंत वाढवली होती. सध्याची स्थिती तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारा. त्याच योजनेतून गटांनी उभारलेली सामाईक यंत्रं इतरांना भाड्यानं द्यायची तरतूद आहे, तेव्हा जवळपास असं केंद्र आहे का हेही तिथेच कळेल.

पण भाऊ, करारावर सही करायची घाई करू नका. आपल्या संत्र्याचा रस काढताना गोड लागतो. तापवला किंवा काही काळ ठेवला की लिमोनिनमुळे कडवट होतो. घेतलेल्या किचनचं भाडं या कडूपणातच बुडतं. अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि नागपूरच्या एलआयटीचा अन्नतंत्रज्ञान विभाग, दोन्ही तुम्हाला जवळ. तिथे कृती समजून घ्या. मृग बहाराची फळं आली की घरीच पाच किलोंचा स्क्वॅश करा, बाटल्या महिनाभर ठेवा आणि मग व्यापाऱ्याला नाही, शेजारच्या पोरांना चाखायला द्या. त्यांनी दुसरा पेला मागितला तर किचनच्या मालकाला फोन करा.